जुन्या लॅपटॉपवर खेळ अडखळतो तेव्हा : ड्रायव्हर, उष्णता आणि झाशीचा उन्हाळा

लॅपटॉप काही वर्षांचा झाला की त्यावरील खेळ अडखळू लागतात. चित्र थांबत थांबत पुढे सरकते, पंख्याचा आवाज वाढतो आणि अखेरीस खेळ आपोआप बंद पडतो. अशा वेळी बहुतेकांचा पहिला संशय ग्राफिक्स ड्रायव्हरवर जातो. नवा ड्रायव्हर शोधणे, तो उतरवून घेणे आणि जुना काढून टाकणे यात बराच वेळ खर्च होतो. कित्येकदा या खटाटोपात बऱ्यापैकी चालणारा लॅपटॉपही बिघडतो. प्रत्यक्षात या तक्रारीमागे पाच निरनिराळी कारणे असू शकतात : उष्णता, अपुरी वीज, अपुरी मेमरी, चुकीचा ड्रायव्हर आणि मूळ चिपची मर्यादा. ती याच क्रमाने तपासल्यास निदान लवकर होते आणि अनावश्यक खर्च टळतो.

झाशीचे उदाहरण

नेवाळकर घराण्याच्या काळापासून मराठी कुटुंबांची वस्ती असलेले झाशी शहर आज उत्तर प्रदेशात आहे. बुंदेलखंड विद्यापीठ आणि बुंदेलखंड अभियांत्रिकी व तंत्रज्ञान संस्था येथे असल्याने शहरात विद्यार्थ्यांची संख्या मोठी आहे. जुन्या लॅपटॉपचा प्रश्न येथे दोन कारणांनी ठळक होतो.

पहिले कारण हवामानाचे. बुंदेलखंडातील उन्हाळा कोरडा आणि अत्यंत कडक असतो. २८ मे २०२४ रोजी झाशीत ४९ अंश सेल्सिअस तापमानाची नोंद झाली. बहुतेक लॅपटॉप उत्पादक आपले यंत्र ३५ अंशांपर्यंतच्या भोवतालच्या तापमानात वापरावे, असे माहितीपुस्तिकेत नमूद करतात. म्हणजेच मे महिन्यातील दुपारी येथील साधी खोलीदेखील ही मर्यादा ओलांडू शकते.

दुसरे कारण लॅपटॉपच्या वयाचे. उत्तर प्रदेश शासनाने बारावी उत्तीर्ण विद्यार्थ्यांसाठी मोफत लॅपटॉप योजना आखली आणि मार्च २०१३ मध्ये वाटपास प्रारंभ केला. राज्यभरात सुमारे १५ लाख लॅपटॉप वाटण्यात आले. अनेक घरांत आलेला तो पहिला संगणक होता. त्या काळातील कमी किमतीच्या लॅपटॉपमध्ये स्वतंत्र ग्राफिक्स कार्ड नसे. प्रोसेसरमध्येच अंतर्भूत असलेल्या ग्राफिक्सवर काम भागवले जाई. असा लॅपटॉप केवळ खेळासाठी नसतो. परीक्षेचे अर्ज, प्रकल्प अहवाल आणि घरातील छायाचित्रे त्याच्यातच असतात. म्हणूनच खेळ सुरळीत चालावा यासाठी केलेल्या प्रयोगात संपूर्ण यंत्र किंवा त्यातील माहिती गमावणे परवडणारे नसते. कोणताही उपाय करण्यापूर्वी महत्त्वाच्या फायलींची प्रत पेन ड्राइव्हवर किंवा बाह्य हार्ड डिस्कवर घेणे ही पहिली पायरी होय.

ड्रायव्हर म्हणजे काय?

खेळातील दृश्य पडद्यावर उमटवण्याचे काम ग्राफिक्स चिप करते. खेळ थेट या चिपशी बोलत नाही. तो डायरेक्टएक्स, ओपनजीएल किंवा व्हल्कन यांपैकी एखाद्या प्रमाणित पद्धतीने सूचना देतो. त्या सूचनांचे विशिष्ट चिपला समजेल अशा आज्ञांत रूपांतर करणारी प्रणाली म्हणजे ड्रायव्हर. तो सदोष असेल तर चित्र तुटते, रंग बिघडतात किंवा खेळ सुरूच होत नाही. मात्र ड्रायव्हर चिपला तिच्या क्षमतेपेक्षा अधिक शक्ती देऊ शकत नाही.

खेळाचा वेग दर सेकंदाला पडद्यावर किती चित्रे उमटतात यावरून मोजतात. या प्रमाणास फ्रेम रेट म्हणतात. सेकंदाला ६० चित्रे हवी असतील तर प्रत्येक चित्र सुमारे १६.७ मिलिसेकंदांत तयार व्हावे लागते. ३० चित्रांसाठी ३३.३ मिलिसेकंद मिळतात. जुन्या लॅपटॉपवर सतत बदलणाऱ्या ६० पेक्षा स्थिर ३० चित्रे डोळ्यांना अधिक सुखावह वाटतात.

आधी लक्षणे ओळखावीत

एकच खेळ, एकच दृश्य आणि वीस मिनिटांचा अवधी ठरवून चाचणी घ्यावी. चाचणीच्या वेळी तापमान व वेग यांची नोंद ठेवावी. जीपीयू-झेड आणि एचडब्ल्यूइन्फो या मोफत प्रणाली त्यासाठी उपयोगी पडतात. निरीक्षणांचा अर्थ साधारणपणे असा लावता येतो :

खेळ सुरुवातीस चांगला चालतो आणि दहा-पंधरा मिनिटांनी मंदावतो, तर कारण बहुधा उष्णता असते.

चार्जर जोडल्यावर वेग ठीक असतो आणि बॅटरीवर घसरतो, तर वीज-व्यवस्थापन तपासावे.

नवे दृश्य येताच क्षणभर सर्व थांबते आणि हार्ड डिस्कचा दिवा अखंड पेटतो, तर मेमरी अपुरी पडत असते.

पहिल्या क्षणापासूनच वेग कमी असतो, तर ड्रायव्हर किंवा चिपची मर्यादा यांचा विचार करावा.

लॅपटॉप सुरू करताना, विंडोज दिसण्यापूर्वीच पडद्यावर रेघा किंवा रंगीत चौकोन उमटतात, तर विंडोजमधील ड्रायव्हरचा त्याच्याशी संबंध नसतो. तो चिपमधील, पडद्यातील किंवा जोडणीतील दोष असतो. लॅपटॉपला बाहेरचा मॉनिटर जोडून पाहावा. तेथे चित्र स्वच्छ दिसल्यास पडदा किंवा त्याची केबल सदोष आहे असे समजावे.

उष्णता : पहिला संशयित

प्रोसेसर आणि ग्राफिक्स चिप यांना तापमानाची कमाल मर्यादा आखून दिलेली असते. प्रकारानुसार ती साधारण ८५ ते १०५ अंशांच्या दरम्यान असते. ही मर्यादा जवळ आली की चिप स्वतःचा वेग आपणहून कमी करते. हा बिघाड नव्हे. स्वसंरक्षणाची ती व्यवस्था आहे. त्यावर कोणताही नवा ड्रायव्हर उपाय ठरत नाही.

खोलीच्या तापमानाचा परिणाम साध्या बेरजेने समजतो. २५ अंशांच्या खोलीत खेळताना चिप ८५ अंशांपर्यंत तापत असेल तर ती भोवतालच्या हवेपेक्षा ६० अंशांनी अधिक तापते. तोच खेळ ४२ अंशांच्या खोलीत खेळल्यास चिप सुमारे १०२ अंशांकडे झेपावते आणि मर्यादेपाशी येऊन मंदावते. म्हणूनच जानेवारीत सुरळीत चालणारा खेळ मे महिन्यात अडखळतो आणि मधल्या काळात झालेल्या एखाद्या ड्रायव्हर-बदलावर विनाकारण ठपका बसतो. सकाळी सहाच्या सुमारास आणि दुपारी तीनच्या सुमारास तीच चाचणी घेतल्यास हा फरक स्पष्ट होतो.

उपाय सोपे आहेत. लॅपटॉप गादीवर किंवा उशीवर न ठेवता टणक मेजावर ठेवावा, म्हणजे खालील झरोके मोकळे राहतात. उन्हाळ्यातील उष्ण वाऱ्यांबरोबर, ज्यांना उत्तरेत लू म्हणतात, घरात बारीक धूळ येते. ती पंखा आणि उष्णता बाहेर टाकणाऱ्या धातूच्या पट्ट्या यांच्यामध्ये नमद्यासारखी साचते. यंत्र बंद करून, चार्जर काढून आणि शक्य असल्यास बॅटरी वेगळी करून ही धूळ काढावी. हवेचा झोत मारताना पंख्याची पाती काडीने रोखून धरावीत. अन्यथा पंखा अतिवेगाने फिरून त्याची धारवा निकामी होण्याचा धोका असतो. चिप आणि धातूच्या पट्टीमधील थर्मल पेस्ट काही वर्षांनी वाळते. ती बदलल्याने जुन्या लॅपटॉपचे तापमान अनेकदा लक्षणीय प्रमाणात उतरते. यंत्र उघडण्याचा अनुभव नसल्यास हे काम जाणकार कारागिराकडून करून घ्यावे.

झाशीसारख्या कोरड्या हवेच्या शहरात पाण्यावर चालणारा कूलर खोलीचे तापमान चांगले खाली आणतो. मात्र लॅपटॉप कूलरच्या थेट झोतात ठेवू नये. झोताबरोबर येणारे तुषार आणि क्षार आत जाऊ शकतात. पावसाळ्यात हवा दमट झाली की कूलरचा उपयोग घटतो, हेही ध्यानात ठेवावे. तापलेला लॅपटॉप शीतकपाटात ठेवण्याचा प्रकार मात्र कटाक्षाने टाळावा. आतील भागांवर पाणी धरते आणि यंत्र कायमचे निकामी होऊ शकते.

वारंवार तापण्या-निवण्याने चिपखालील सूक्ष्म जोडांवरही ताण येतो. जुलै २००८ मध्ये एनव्हिडिया कंपनीने आपल्या काही लॅपटॉप-चिपांच्या बांधणीतील दुबळ्या साहित्यामुळे उद्भवलेल्या बिघाडांच्या भरपाईसाठी १५ ते २० कोटी डॉलरची तरतूद जाहीर केली होती. असा जोड एकदा तुटला की चिपला उष्णता देऊन तो पुन्हा बसवण्याचे प्रयत्न केले जातात. त्याचा परिणाम बहुधा तात्पुरताच ठरतो.

वीज आणि मेमरी

बॅटरीवर चालताना लॅपटॉप वेग कमी ठेवतो. त्यामुळे चाचणी नेहमी चार्जर जोडूनच घ्यावी आणि विंडोजच्या पॉवर ऑप्शन्समध्ये उच्च कार्यक्षमतेचा पर्याय निवडावा. मूळ चार्जर बिघडल्यावर बाजारातून घेतलेला चार्जर कमी वॅटचा असेल तर तोही वेग घटण्याचे कारण होतो. काही कंपन्यांचे लॅपटॉप चार्जरची ओळख न पटल्यास प्रोसेसरचा वेग मुद्दाम उतरवतात. चार्जरवरील व्होल्ट आणि वॅट मूळ चार्जरशी जुळतात का, हे पाहून घ्यावे. बॅटरी फुगलेली दिसल्यास लॅपटॉपचा वापर त्वरित थांबवावा.

अंतर्भूत ग्राफिक्सला स्वतःची वेगळी मेमरी नसते. ते लॅपटॉपच्या मुख्य मेमरीतूनच वाटा घेते. २ जीबी मेमरीच्या यंत्रात विंडोज, ब्राउझर आणि खेळ यांना पुरेशी जागा उरत नाही. मेमरी वाढवताना एकाच क्षमतेच्या दोन पट्ट्या बसवणे श्रेयस्कर, कारण त्यामुळे माहितीच्या वहनाचे दोन मार्ग खुले होतात आणि अंतर्भूत ग्राफिक्सला त्याचा थेट लाभ मिळतो. मात्र आपल्या लॅपटॉपला दुसरा खाचा आहे का, हे खरेदीपूर्वी तपासावे. जुन्या हार्ड डिस्कऐवजी एसएसडी बसवल्यास खेळ लवकर उघडतो आणि मधले थांबणे कमी होते. दर सेकंदाच्या चित्रांची सरासरी मात्र त्याने सहसा वाढत नाही.

ड्रायव्हरची तपासणी

एवढे झाल्यावर ड्रायव्हरकडे वळावे. विंडोजमधील डिव्हाइस मॅनेजर उघडून डिस्प्ले अडॅप्टर्स या शीर्षकाखाली कोणते नाव दिसते ते पाहावे. तेथे मायक्रोसॉफ्ट बेसिक डिस्प्ले अडॅप्टर असे नाव असेल तर योग्य ड्रायव्हर बसलेलाच नाही. अशा स्थितीत साधी कामे चालतात, पण खेळ चालत नाहीत.

तेथे दोन नावे दिसल्यास लॅपटॉपमध्ये अंतर्भूत आणि स्वतंत्र अशी दोन ग्राफिक्स आहेत. वीज वाचवण्यासाठी त्यांत आपोआप अदलाबदल करणारे ऑप्टिमस तंत्र एनव्हिडियाने २०१० मध्ये आणले. अशा यंत्रात खेळ चुकून अंतर्भूत ग्राफिक्सवर चालू राहतो आणि वापरकर्ता ड्रायव्हरला दोष देत बसतो. नियंत्रण पटलावर त्या खेळासाठी स्वतंत्र चिप निवडून दिल्यास प्रश्न सुटतो.

ड्रायव्हर कोठून घ्यावा, हा पुढील प्रश्न. जुन्या लॅपटॉपसाठी प्रथम लॅपटॉप उत्पादकाच्या संकेतस्थळावर मॉडेल क्रमांकानुसार उपलब्ध असलेला ड्रायव्हर पाहावा. त्यानंतर इंटेल, एएमडी किंवा एनव्हिडिया यांच्या संकेतस्थळाकडे जावे. नवीनतम आवृत्ती हीच सर्वोत्तम, असा नियम जुन्या चिपांना लागू पडत नाही. कंपन्या काही वर्षांनी जुन्या पिढ्यांचे नियमित अद्ययावतीकरण थांबवतात. एनव्हिडियाने फर्मी पिढीबाबत २०१८ मध्ये आणि केप्लर पिढीच्या लॅपटॉप-चिपांबाबत २०१९ मध्ये हे पाऊल उचलले. मॅक्सवेल आणि पास्कल या पिढ्यांचे खेळांसाठीचे नियमित ड्रायव्हर ऑक्टोबर २०२५ मध्ये थांबले. त्यांना केवळ सुरक्षाविषयक सुधारणा ऑक्टोबर २०२८ पर्यंत देण्याचे कंपनीने जाहीर केले. एएमडीने जून २०२१ मध्ये आपल्या अनेक जुन्या मालिका बाजूला ठेवल्या. इंटेलने २०२२ मध्ये सहाव्या ते दहाव्या पिढीच्या प्रोसेसरांतील ग्राफिक्स जुन्या गटात वर्ग केले. आपल्या चिपसाठी प्रसिद्ध झालेली अखेरची स्थिर आवृत्ती शोधणे, एवढेच मग वापरकर्त्याच्या हाती राहते.

ड्रायव्हर बदलण्याचा सुरक्षित क्रम असा आहे. प्रथम सिस्टम रिस्टोअर बिंदू तयार करावा. नवा ड्रायव्हर आधीच उतरवून ठेवावा. त्यानंतर इंटरनेट जोडणी बंद करावी, म्हणजे विंडोज अपडेट मध्येच स्वतःचा ड्रायव्हर बसवणार नाही. जुना ड्रायव्हर काढून टाकावा; त्याचे अवशेष त्रास देत असतील तर सेफ मोडमध्ये डिस्प्ले ड्रायव्हर अनइन्स्टॉलर ही प्रणाली वापरता येते. नवा ड्रायव्हर बसवून यंत्र पुन्हा सुरू करावे आणि तीच वीस मिनिटांची चाचणी पुन्हा घ्यावी. त्रास एखाद्या स्वयंचलित अद्ययावतीकरणानंतर सुरू झाला असेल तर एवढाही खटाटोप लागत नाही. डिव्हाइस मॅनेजरमधील रोल बॅक ड्रायव्हर ही सोय पूर्वीचा ड्रायव्हर परत आणते.

सर्व ड्रायव्हर एका कळीसरशी अद्ययावत करून देण्याचे आमिष दाखवणाऱ्या अनोळखी प्रणालींपासून दूर राहावे. त्यांच्याबरोबर जाहिराती आणि घातक प्रणालीही यंत्रात शिरू शकतात. चोरट्या मार्गाने मिळवलेल्या खेळांच्या प्रतींबाबतही हाच धोका संभवतो.

चिपची मर्यादा कोठे असते?

काही खेळ जुन्या चिपवर चालत नाहीत, त्यामागे निश्चित तांत्रिक कारण असते. २०११ मधील इंटेल एचडी ३००० हे ग्राफिक्स विंडोजवर डायरेक्टएक्स १०.१ आणि ओपनजीएल ३.१ पर्यंतच मजल मारते. २०२३ मध्ये आलेल्या काउंटर-स्ट्राइक २ ला डायरेक्टएक्स ११ ची क्षमता असलेली चिप लागते. या चिपमध्ये ती नसल्याने हा खेळ तेथे चालणार नाही. याउलट २००६ मधील ईए स्पोर्ट्स क्रिकेट ०७ सारखे खेळ डायरेक्टएक्स ९ च्या काळातील असल्याने ती चिप ते पेलू शकते.

मात्र प्रत्येक मर्यादा चिपचीच असते असेही नाही. माइनक्राफ्ट या खेळाच्या जावा आवृत्तीला १.१७ पासून, म्हणजे २०२१ पासून, ओपनजीएल ३.२ आवश्यक झाले. विंडोजवर एचडी ३००० तेथे अपुरे ठरते. परंतु लिनक्समधील मेसा या मुक्त ड्रायव्हर-संचाने त्याच चिपला ओपनजीएल ३.३ पर्यंतची क्षमता उपलब्ध करून दिली आहे. यंत्र तेच, चिप तीच, केवळ ड्रायव्हर निराळा. येथे अडथळा खरोखरच ड्रायव्हरचा होता, आणि तो दूर करणारा ड्रायव्हर चिप बनवणाऱ्या कंपनीच्या विंडोज-संचात नव्हता. लिनक्स पेन ड्राइव्हवरून सुरू करून पाहता येते. हार्ड डिस्कवरील विंडोजला धक्का न लावता ही चाचणी घेणे शक्य आहे.

या पर्यायाला आणखी एक कारण आहे. विंडोज १० चा नियमित आधार १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला. विंडोज ११ च्या अधिकृत अटींत दशकभरापूर्वीचे बहुतेक लॅपटॉप बसत नाहीत. खेळापुरते यंत्र इंटरनेटविना वापरता येईल. पण बँकेचे व्यवहार आणि परीक्षेचे अर्ज त्याच यंत्रावर होत असतील तर सुरक्षेच्या दृष्टीने अद्ययावत प्रणाली असणे आवश्यक ठरते.

खेळातील मांडणी

चिप बदलता येत नसली तरी तिच्यावरील भार हलका करता येतो. १३६६ गुणिले ७६८ च्या पडद्यावर सुमारे १०.४९ लाख बिंदू असतात. १०२४ गुणिले ५७६ केल्यास ते सुमारे ५.९ लाखांवर, म्हणजे जवळपास ५६ टक्क्यांवर येतात. जुन्या चिपसाठी हा सर्वांत परिणामकारक बदल होय. त्यानंतर सावल्या, प्रतिबिंबे आणि कडा गुळगुळीत करणारा अँटी-अलायझिंग हा पर्याय बंद करावा. चित्रांची कमाल संख्या सेकंदाला ३० वर मर्यादित केल्यास चिप अनावश्यक तापत नाही. उन्हाळ्यात हा एकच बदल वेगातील चढउतार पुष्कळ कमी करतो.

दुरुस्ती केव्हा थांबवावी?

धूळ काढणे, थर्मल पेस्ट आणि मेमरी यांवरील खर्च इतर कामांसाठीही उपयुक्त ठरतो. त्यामुळे तो करण्यास हरकत नाही. मदरबोर्ड किंवा ग्राफिक्स चिप बदलण्याचा सल्ला मिळाल्यास मात्र आधी लेखी अंदाज घ्यावा आणि त्याच किमतीत वापरलेला पण नव्या पिढीचा लॅपटॉप मिळतो का, याची तुलना करावी. यंत्र दुरुस्तीस देण्यापूर्वी वैयक्तिक माहितीची प्रत घ्यावी आणि बदललेला जुना भाग परत मागावा. निकामी झालेला लॅपटॉप भंगारात न टाकता अधिकृत पुनर्वापर केंद्राकडे सोपवावा. १ एप्रिल २०२३ पासून लागू झालेल्या ई-कचरा व्यवस्थापन नियमांनुसार उत्पादकांवर त्याच्या पुनर्वापराची जबाबदारी टाकण्यात आली आहे. तत्पूर्वी त्यातील हार्ड डिस्क काढून घ्यावी. ती चालू स्थितीत असल्यास बाह्य पेटीत बसवून आणखी काही काळ वापरता येते आणि वर्षानुवर्षे साठवलेली माहितीही सुरक्षित राहते.